डावा रकाना

टपालकाकांनी तक्रारीचा फॉर्म भरला तेव्हा काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. काकांनी पस्तीस वर्षं टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली होती आणि निवृत्तीनंतर माणसांचीही सुरू केली होती. सरळ एका बाजूला, संशयित दुसऱ्या. वरच्या मजल्यावरचे बुद्धिबळ शिकवणारे मास्तर दुसऱ्या ढिगात पडले. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी पाच-सहा माणसं यायची, दार लागायचं आणि तासभर आवाज म्हणून यायचा नाही. इतकी माणसं एकत्र बसतात आणि भांडत नाहीत, हे काकांच्या काही केल्या पचनी पडेना.

नव्या कायद्याने झडतीसाठी पोलिसांना कोर्टाच्या कागदाची गरज उरली नव्हती. कोणीही फॉर्म भरावा, सहीसुद्धा नको. काका खूश होते. "आपण सरळ असू तर घाबरायचं कशाला?" असं ते उठता-बसता काकूंना ऐकवायचे. खरं तर त्यांच्याच घरात, खात्याने मोडीत काढलेल्या खणांच्या कपाटात, अगदी तळाशी हॉस्पिटलचा एक रिपोर्ट होता. फुप्फुसात गाठ होती आणि ती चांगली नव्हती. मुलीचं बाळंतपण महिन्यावर आलेलं. ते सुखरूप पार पडेपर्यंत काकूंना कळू द्यायचं नाही, असं काकांनी ठरवलं होतं. याला लपवणं म्हणतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

फॉर्मवर पत्त्यांचे दोन रकाने होते. पाकिटावर पाठवणारा डावीकडे आणि ज्याला पाठवायचं तो उजवीकडे. पस्तीस वर्षांची सवय झालेल्या हाताने स्वतःचा पत्ता डावीकडे आणि मास्तरांचा उजवीकडे लिहून टाकला. वरचं बारीक छापील कोण वाचतो? त्या फॉर्मवर डावा रकाना संशयिताचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीचे साहेब आणि दोन शिपाई दारात उभे राहिले.

"या, या. जिना तिकडे आहे," काका उत्साहाने म्हणाले.

"जिना कशाला? झडती इथलीच आहे."

"अहो साहेब, ते रकाने उलटे झालेत!"

"तोंडी दुरुस्तीची तरतूद नाही, काका. फॉर्मवर असेल ते खरं. तक्रारदाराला खाली बोलवा, तो हजर लागतो."

मास्तर आले. त्यांनी फॉर्म पाहिला, अक्षर पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काकांना त्यांच्या नजरेला नजर देववेना.

सापडलेला प्रत्येक कागद तक्रारदाराने मोठ्याने वाचायचा, असाही नियम होता. पहिलंच निघालं ते काकूंनी बहिणीला लिहिलेलं, बावीस वर्षांपूर्वीचं पत्र. मास्तर अडखळत वाचू लागले, "ह्यांचा स्वभाव आता सहन होत नाही. मी कायमची तुझ्याकडे येते..."

"हे पेटीत टाकलं का नाहीस?" काकांनी विचारलं.

"कसं टाकणार? आधी तुमच्याच हातात पडलं असतं."

शिपाई हसला. काकू पदराशी चाळा करत भिंतीकडे बघत राहिल्या. मग तळचा खण उघडला गेला. मास्तरांनी रिपोर्ट उलगडला, पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या आणि काकूंकडे एकदा पाहून खणखणीत आवाजात म्हणाले, "रंगकामाचा अंदाज. भिंतींना दोन हात पांढरा. खिडक्यांचं नंतर बघू."

साहेबांनी जांभई दिली. "म्हणजे काहीच सापडलं नाही. मग तक्रार खोटी. खोट्या तक्रारीला नव्या कायद्यात सहा महिने. चला मास्तर."

काकांना आधी हायसं वाटलं. वाटलं खरं, आणि लगेच स्वतःची किळसही आली. मास्तर निमूटपणे चपला घालत होते. "काकू, वर गॅसवर दूध ठेवलंय. तेवढं बंद कराल?"

"थांबा!" काका ओरडले. "तक्रार खोटी नाही. माझ्या घरात लपवलेलं आहे."

त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट उचलला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंचा चष्मा आत होता. त्यांनी कागद लांब धरला आणि एकेक ओळ करत शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वरून वाचला. साहेबांनी त्यांच्या खांद्यावरून नजर टाकली, टोपी काढली, आणि काहीतरी करायला हवं म्हणून कायद्याचं पुस्तक चाळलं.

"काका," ते हळूच म्हणाले, "हे लपवणं काही गुन्ह्यात बसत नाही."

"बसतं," काकू म्हणाल्या.