लिंबाजीअण्णांचं डावं चाक

स्कूटरवर मागे बसलेला माणूस एकाएकी दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतो आणि कानात ओरडतो, "चाकं आत!" तेव्हा चालवणाऱ्याचं काय होतं, हे अख्ख्या मंठ्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी इथल्या शाळेत शिक्षक आणि लिंबाजीअण्णा माझे शेजारी. स्कूटरने जरा वेग घेतला की त्यांचे पाय वर जातात, गतिरोधक दिसला की "चाकं बाहेर!" करून खाली येतात. एकदा गतिरोधक मला उशिरा दिसला आणि अण्णांची चाकं आतच राहिली. पुढचे चार दिवस आम्ही दोघं उभ्याने जेवलो. चूक अर्थातच स्कूटरची होती. अण्णांच्या हातून चूक होत नाही, "मटेरियल खराब निघतं."

अण्णांचा धंदा ट्रॅक्टर-ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करण्याचा. तेलाच्या दाबावर भरलेली ट्रॉली उचलली जाते, मग त्याच दाबावर विमानाची चाकं पोटात का घेता येऊ नयेत, असा प्रश्न त्यांना अकरा वर्षांपूर्वी पडला. तुम्हाआम्हाला असे प्रश्न पडले तर आपण पाणी पिऊन झोपतो. अण्णांनी चाकं बनवली. मग चाकं झालीच आहेत तर वर काहीतरी हवं, म्हणून घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बनवायला घेतलं.

"अण्णा, उडणार कधी?" असं कुणी विचारलं की ते भडकायचे. "उडायचं काय कौतुक? कोंबडी बी उडती. चाकं आत घेती का?"

त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी या विमानाला 'माझी सवत' म्हणत. चहा आणायच्या, पण शेडचा उंबरा ओलांडायच्या नाहीत. कप उंबऱ्यावर ठेवून म्हणायच्या, "घ्या. अन् तिला बी इचारा, साखर किती लागती." अण्णाही कमी नव्हते. खंडेनवमीला गावातले ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून मिरवत, आणि हे शेडला आतून कडी लावून बसत. "मशीनला हळदकुंकू लागत न्हाई, सर. मशीनला साफ तेल लागतं. बिलकुल साफ!"

मागच्या हिवाळ्यात मात्र गंभीर प्रसंग आला. विमान दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त साहेब संभाजीनगरहून तपासणीला येणार होते. दोन्ही चाकं त्यांच्यासमोर सलग दहा वेळा आतबाहेर झाली आणि बाकी सगळं मनासारखं दिसलं, तर पुढच्या परवानगीसाठी ते शिफारसपत्र देणार होते. आणि बरोबर तीन दिवस आधी डाव्या चाकाने संप केला. विमान लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर चढवलेलं, चाकं अधांतरी. अण्णांनी बटण दाबलं की उजवं चाक गुमान पोटात जाई आणि डावं अर्ध्यात थांबे.

"हवा धरली," अण्णा म्हणाले. नळ्यांमधली हवा काढली. डावं तिथंच.

"सील गेलं." नवं सील बसवलं. डावं तिथंच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही चाकांच्या नळ्या व्हॉल्व्हपाशी अदलाबदल करून जोडल्या. आता डावं झटक्यात वर गेलं आणि उजवं अडकलं. अण्णांनी मला मिठीच मारली. माझा एकुलता एक पांढरा शर्ट त्या मिठीत गेला. "चाकं बेकसूर हायेत, सर! बिमारी व्हॉल्व्हमंदी हाये!"

व्हॉल्व्ह खोलला. आत एक बारीकशी कणी अडकली होती. अण्णांनी ती बोटावर घेऊन उजेडात धरली. तांदळाची होती. कुंकवाने लाल झालेली.

मग त्यांनी तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत बॅटरी मारली. तळाशी चिमूट-दोन चिमूट अक्षता निवांत पडलेल्या. पंपाने त्यातलाच एखादा दाणा चिरडून पुढे पाठवला होता. मला हसू आवरेना. बिलकुल साफ तेल!

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन उंबऱ्याशी आल्या. त्यांनी अण्णांच्या बोटाकडे पाहिलं, उघड्या टाकीकडे पाहिलं, पदर सावरला आणि कपासकट तशाच मागे फिरल्या. आमचं दोघांचं एकमेकांकडे बघायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. धुतलेली टाकी, ताजं तेल, दोन्ही चाकं दहाच्या दहा वेळा आतबाहेर. शेवटी साहेबांनी दुरुस्तीची वही उघडली. "तेलात कचरा? कसा गेला?"

वहिनी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झाकण उघडं ऱ्हायलं, साहेब," अण्णा म्हणाले. "चूक माझी हाये."

मी शेजारी होतो म्हणून सांगतो, हे वाक्य त्यांच्या तोंडून निघताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

साहेब चांगलेच तापले. "असा निष्काळजी माणूस विमान उडवणार? सहा महिने वही नीट ठेवा. मग बघू." शिफारसपत्र न देताच ते गेले. अण्णांनी वहीत, साहेबांच्या शेऱ्याखाली, मुकाट सही केली.

संध्याकाळी गेलो तर अण्णा टाकीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवत होते. चहाची गाळणी कापून केलेली.

"अण्णा, सरळ शेडला कुलूप लावा की," मी म्हणालो.

"कुलूप नगं." त्यांनी जाळी दाबून पाहिली. "सर, अकरा वर्षं मी हितं एकटाच खपून राह्यलो असं समजत व्हतो. कुणाला काही पडलेलं न्हाई म्हणून रोज कुढत व्हतो. अन् ती मी नसताना येऊन जात व्हती. टाकीचं तोंड म्हंजी इमानाचं तोंड, असं वाटलं आसंल तिला." त्यांनी जाळीची कड बोटाने चाचपली. "आता कुलूप लावलं, तं मंग ती येईल का?"

त्यांनी वहिनींना काही विचारलं नाही. वहिनींनीही काही सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी अण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा झाला, पेपर झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. एरवी पाच मिनिटं बूड न टेकणारा हा माणूस हलायलाच तयार नव्हता. माझी शाळेची वेळ झाली, म्हणून मी उठलो. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"थोडं थांबा, सर," ते हळूच म्हणाले. "तिचं होऊ द्या."