न भाजलेली पेटी

वडिलांच्या अस्थी ठेवलेली पेटी उघडेना, तेव्हा थोरल्याने आधी नखं लावली, मग चमचा घातला आणि शेवटी स्क्रूड्रायव्हर आणला. झाकण हलायला तयार नाही. समोर धाकटी बहीण स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला अर्धा वाटा न्यायचा होता. ती पोचेपर्यंत अंत्यविधी आटोपला होता, बाबांचं शेवटचं तोंडही तिला दिसलं नव्हतं. निदान त्यांची राख तरी आपल्या घरी असावी, एवढंच तिचं म्हणणं.

"तू मुद्दाम चिकटवलंयस."

"मी कशाला चिकटवू? बुरशीने चिकटवलंय."

थोरला ज्या कारखान्यात होता तिथे साच्यात ओला भुसा आणि बुरशी भरून पेट्या वाढवत. जंगलात पडलेल्या झाडांची जी माती करते, तीच ही बुरशी. इथे ती भुशात धागे पसरून त्याला घट्ट बांधायची आणि मग पेटी भट्टीत भाजून बुरशीला मारायचं. अशी पेटी पुरली की तिचीही माती होते, थर्माकोलसारखी जन्मभर छळत नाही. थोरला भट्टीवरच कामाला. त्याने आजवर एकही पेटी कच्ची सोडली नव्हती. सोडली ती नेमकी बापाची. घरातला ओलावा मिळताच बुरशी झाकण आणि पेटी एकजीव करून बसली.

"भाजली का नाहीस पण?"

"हातच धजेना गं. बाबांना आदल्या दिवशीच आगीत घातलेलं. लगेच त्यांची पेटीही घालू?"

बहीण रडली. मग नाक पुसून म्हणाली, "करवत आण."

"बाबांवर करवत चालवू?"

"पेटीवर! मधोमध."

"आणि डोकं कुठल्या बाजूला, पाय कुठल्या?"

"राखेला डोकं असतं होय रे? तुला नाही, तर राखेला कुठून असणार!"

तिथून भांडण भलतीकडे गेलं. थोरल्याने आजारपणातल्या जागरणांचा विषय काढला. बहिणीने वेळेवर न आलेल्या फोनचा. दोघांचंही खरं होतं, म्हणून कोणी माघार घेईना. शेवटी थोरल्याने पेटी उचलली आणि मांजर पोचू नये म्हणून मोरीवरच्या ज्या फळीवर ती ठेवलेली असे, तिथेच परत ठेवून दिली. तिच्या कडेला अळंबीचे गुबगुबीत गुच्छ फुटले होते, पण रागात त्यांच्याकडे कोण बघतो?

संध्याकाळी आत्या आली. दुःखाच्या घरात गेली की ही बाई आधी स्वयंपाकाला लागायची, रडणं नंतर. भाचरं दोन खोल्यांत तोंडं फिरवून बसलेली पाहून तिने काही विचारलं नाही. घरात सापडलं त्यात रांधलं आणि दोघांना दटावून जेवायला बसवलं. बाबा गेल्यापासून दोघांनाही अन्न गोड लागलं नव्हतं. आज दोघांनी भाजी मागून घेतली.

"आत्या, कसली गं ही?" बहिणीने बोटं चाटत विचारलं.

"अळंबीची. याने कारखान्यातला ठोकळा आणून ठेवलाय ना मोरीवर, त्याला छान फुटली होती. म्हटलं, वाया कशाला घालवा."

थोरल्याचा घास हातातच राहिला. अळंबी भुशावर पोसते, राखेवर नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने घास ताटात परत ठेवला. बहिणीने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"बाबा ताटात टाकू द्यायचे नाहीत," ती हळूच म्हणाली.

थोरल्याने घास उचलून तोंडात घातला. डोळे पुसत दोघांनी ताटं स्वच्छ केली. पातेल्यात थोडी भाजी उरली होती.

"दादा, तू घे. त्यांचं सगळं तूच केलंस."

"नको, तू घे. तुला शेवटचं भेटताही आलं नाही."

"तू मोठा आहेस."

"तू त्यांची लाडकी होतीस."

आत्याने दोघांच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि तिला भरून आलं.

"अरे, एवढ्याशा भाजीवरून रडताय काय? खा पोटभर. ठोकळ्यावर मी पुन्हा पाणी मारून ठेवलंय. आठवडाभरात आणखी येतील."