परीक्षेसाठी एक डोकं

घरभाडं पुन्हा वाढलं तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं, की कारकून असलेल्या नवऱ्यानं हेडक्लार्कच्या जागेसाठी मुलाखत द्यायची आणि बायकोनं केस कापायचा कोर्स करायचा. तिच्या चाळिशीचा विषय कुणी काढायचा नाही, हेही ठरलं. सासूबाईंनी तो पहिल्याच दिवशी काढला. या वयात कुठं निघालीस मिरवत, म्हणाल्या. सून मिरवतच गेली आणि बघता बघता वर्गात पहिली आली.

मुलाखत शुक्रवारी होती, तिची शेवटची परीक्षा शनिवारी. परीक्षेला डोकं आपलं आपण आणायचं होतं आणि तो मान अर्थातच नवऱ्याचा होता. गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली, वरचे केस परीक्षेला ठेवते, मागचे तेवढे मुलाखतीपुरते बारीक करून देते. मशीन पुसताना तिनं त्याचा कंगवा काढला होता, तो परत लावायचा राहिला. मशीन मानेपासून थेट टाळूपर्यंत गेलं आणि मागे गुळगुळीत रस्ता तयार झाला.

सासूबाईंनी लेकाला सगळीकडून न्याहाळलं. "आता सगळंच काढ," त्या म्हणाल्या. "अर्धवट फार वाईट दिसतंय."

एका रात्रीत टक्कल म्हणजे नक्की काहीतरी गंभीर, असं ऑफिसच्या शिपायानं ठरवलं आणि चहाच्या वेळेपर्यंत साऱ्या ऑफिसनं. कुणी कारकुनाला खिडकीजवळची खुर्ची दिली, कुणी त्याच्या फायली उचलून नेल्या. हेडक्लार्कच्या त्याच जागेवर डोळा ठेवून असलेल्या कॅशियरनं तर त्याचा हात हातात घेतला आणि भरल्या डोळ्यांनी आपलं नाव मागे घेतलं. कारकून खोटं काही बोलला नव्हता. पण खरंही बोलवत नव्हतं. जागा मिळाली की भाड्याची काळजी मिटणार होती.

मुलाखतीत साहेबांनी आवाज अगदी खाली आणला. "मी काही विचारत नाही. जागा तुमचीच समजा. तुमच्या मिसेसवर काय वेळ आली असेल, बिचारी."

हे मात्र कारकुनाला झोंबलं. पहाटे उठून डबे करून क्लासला पळणारी, वर्गात पहिली येणारी बाई, आणि बिचारी?

"साहेब, मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "बायकोनं भादरलंय. शिकतेय ती. उद्याची परीक्षा याच डोक्यावर द्यायची होती. वर्गात पहिली आहे." आणि त्यानं चक्क पाठ फिरवली. "बघा ना, कुठं एक केस राहिलाय का?"

साहेबांनी चष्मा लावून बघितलं. राहिला नव्हता. कॅशियरनं डोळे पुसून आपलं नाव परत दिलं आणि संध्याकाळी जागा त्यालाच मिळाली.

घरी ऐकून बायकोनं डोळे टिपले. "जागेचं बघू हो," ती म्हणाली, "पण उद्या केस कुणाचे कापू?" शेजाऱ्यांनी नवऱ्याचं डोकं आधीच बघितलेलं असल्यामुळे तिथं विचारण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात बेल वाजली. दारात साहेब उभे होते, चांगल्या दाट केसांचे.

"जागा देता आली नाही," ते अवघडून म्हणाले. "डोकं देतो."

शनिवारी साहेबांचे केस असे झकास बसले, की परीक्षकांनी खुर्चीभोवती पुन्हा एक चक्कर मारली. कारकून बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, ती आतली माझी बायको. सासूबाईही तेच सांगत होत्या, फक्त 'माझी सून' म्हणून, आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं.

सोमवारी नवे हेडक्लार्क कारकुनाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "रविवारी वहिनींना वेळ असेल का? साहेबांसारखे कापायचेत."

कारकुनानं फायलीतलं पान सावकाश उलटलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "आधी साहेबांच्या घरचे सगळे आहेत. विचारून कळवतो."