पाटकऱ्याची मूठ

सार्वजनिक पद कोणतंही असो, त्यासाठी एक परीक्षा हवीच, आणि त्या परीक्षेचा पदाच्या कामाशी काडीचाही संबंध असता कामा नये. नाहीतर काम येणारा कुणीही सोम्यागोम्या ते पद पटकावून बसेल. तेरेक-आरिक गावाला हे फार पूर्वीच उमगलं होतं.

तिथे पाटकरी, म्हणजे डोंगरातून येणारं पाणी पाळीपाळीने रानांना सोडणारा माणूस, दर वसंतात मुठीच्या ताकदीवर निवडतात. त्याला कारणही होतं. पाटाच्या दाराला पूर्वी लोखंडी चाक असे आणि ते फिरवायला राक्षसाची पकड लागे. पुढे सरकारने मोटर बसवली. आता हिरवं बटण दाबलं की दार उघडतं. (तर मग नुसतं बोट तपासावं, अशी सूचना एकदा आली होती. एका बोटाच्या बळावर माणसाला मान कसा द्यायचा, या मुद्द्यावर ती बारगळली.)

परीक्षा साधी आहे. कुरुतचा, म्हणजे खारवून उन्हात वाळवलेल्या चक्क्याचा, गोळा उमेदवाराने एका मुठीत चिरडायचा. पूर्वी ज्याचा त्याचा गोळा घरून येई आणि लोण्यासारखा निघे. म्हणून मूठ-तपासणी समितीने नियम केला, की गोळा प्रतिस्पर्ध्याच्या घरचा हवा. तेव्हापासून घरोघरच्या बायका आपला माणूस जिंकावा म्हणून कुरुत अधिकाधिक कडक वाळवू लागल्या. प्रगती समाधानकारक आहे. गावातल्या निम्म्याअधिक दाढा या उपक्रमाला अर्पण झाल्या असून, मेंढपाळ लांडग्यांना दगडाऐवजी कुरुत मारतात. (लांडग्यांची तक्रार अद्याप आलेली नाही.) गोळ्याचं पीठ आता कुणाच्यानेच होत नाही. ज्याच्या मुठीतून चिमूटभर जास्त भुगा गळेल तो विजयी. समितीतल्या तिन्ही वडीलधाऱ्यांना एकही दात नाही, आणि तो योगायोग नसून पात्रतेची अट आहे. दात असलेला माणूस गोळा चावून पाहील आणि त्याचं स्वतःचं मत बनेल.

कालमात वीसेक वर्षं पाटकरी होता. पण या हिवाळ्यात त्याच्या उजव्या हाताने दगा दिला. जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी उघडेना. त्याची बायको सुयुम हिने ती त्याच्या हातातून घेतली, उघडली आणि मुरंबा वाढून परत फळीवर ठेवली. तिची ती सहजता त्याला फार लागली.

पद गेलं तर काय जाणार होतं? पगार नावालाच होता. उलट पाटकरी निःपक्षपाती दिसावा म्हणून त्याच्या घरच्या रानाला पाणी सगळ्यांत शेवटी मिळे (शेवटी म्हणजे बहुतेकदा नाहीच). पण जेवणावळीत मेंढीच्या कुल्ल्याचं मोठं हाड पाटकऱ्यापुढे येतं आणि माजी पाटकऱ्यापुढे बरगडी. बरगडी चोखणारे माजी पाटकरी कालमातने पाहिले होते. एकही जण मान वर करत नसे. त्या बरगडीची त्याला मरणापेक्षा जास्त भीती वाटे.

"अहो, द्या सोडून," चक्का पिळता पिळता सुयुम म्हणाली. "होऊ दे त्या नुरदोलोतला पाटकरी. काय घोडं अडलंय?"

"आणि मी बरगडी चोखत बसू?"

"हाड चावायला दात तरी कुठे उरलेत?"

"तू गोळा असा वाळव, की त्या पोराचा अंगठा मोडला पाहिजे."

"वाळवते हो," सुयुम म्हणाली. "अगदी मनापासून वाळवते."

नुरदोलोत हा शेजारचा तरुण. तो शहरातून पंजा आवळायची स्प्रिंग घेऊन आला होता आणि मयताला गेला तरी खिशातल्या खिशात ती आवळत बसे.

परीक्षेला सगळा गाव लोटला. गोळ्यांची अदलाबदल झाली.

"काका, हात सांभाळा बरं का," नुरदोलोत वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं अदबीने म्हणाला. "आमच्या आईच्या हातचा गोळा आहे."

"तू तुझा सांभाळ. आमच्या गोळ्यावर काल खाटकाने सुरी परजली."

नुरदोलोतने मूठ आवळली आणि गोळ्याचा चुरा झाला. गावाने माना उंचावल्या. कालमातला समोर बरगडी दिसू लागली. डोळे मिटून, होती नव्हती ती ताकद लावून त्याने मूठ दाबली, आणि बोटांच्या फटींतून चुरा बाहेर आला. ओला चुरा. त्याने तळहात पाहिला. मग नुरदोलोतच्या आईकडे, बुरमाकानकडे पाहिलं, तर ती डोक्याचा रुमाल सारखा करत होती. सुयुम डोंगराकडे बघत होती, जणू तो आज सकाळीच तिथे आणून ठेवला होता.

"तू पण?" तो तिच्या कानाशी पुटपुटला.

"वीस वर्षं माझे कांदे पाण्यावाचून करपतायत. म्हटलं, आता बुरमाकानचे करपू देत."

"आणि ती?"

"तिला काय कांदे नाहीत?"

समितीने ओल्या चुऱ्याची गंभीरपणे पाहणी केली आणि निर्णय दिला: असे दोन पंजे गावाच्या इतिहासात एका वेळी झालेले नाहीत, सबब दोघेही पाटकरी. अर्थात यापुढे दोन्ही घरांच्या रानांना पाणी शेवटी. सुयुम आणि बुरमाकान यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या.

मग पंगत बसली. मेंढीला कुल्ल्याची हाडं दोन असतात, पण एक समितीला द्यावं लागतं, निःपक्षपातीपणाबद्दल. उरलेलं एक. त्याचं एक टोक नुरदोलोतने धरलं, दुसरं कालमातने. हाड तुपकट होतं, पोराची पकड स्प्रिंगवर कमावलेली होती, पण म्हाताऱ्याचा हात सुटेना. बरणी न उघडणाऱ्या हाताला एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. मांस थिजलं, चहा गार झाला, लोक पैजा लावू लागले. (ही परीक्षा धरता येणार नाही, कारण यात कुरुत नाही, असं समितीने जाहीर केलं.)

हिरवं बटण दाबायचं राहिलंय, हे कुणाच्याही लक्षात नव्हतं. सुयुम उठली आणि पाटाच्या दाराशी गेली. हात चरबीने माखले होते, म्हणून तिने ते कोपराने दाबलं. पाणी आधी आपल्या कांद्यांना लावलं, मग बुरमाकानच्या. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, सगळे ताकद पाहत होते.

कालमातला मात्र बसल्या जागेवरून आपल्या वाफ्यात पाणी चमकताना दिसलं. पाटकरी म्हणून त्याने उठून ते थांबवायला हवं होतं. पण उठायचं तर हाड सोडावं लागलं असतं. त्याने पकड आणखी घट्ट केली.

हे वाचताना आपणही एकदा मूठ आवळून पाहिलीत, हे समितीला ठाऊक आहे. लाजू नका, सगळेच पाहतात. आपली उमेदवारी दाखल करून घेतली आहे. फक्त येण्यापूर्वी घरात कुणी कांदे लावलेत का, तेवढं विचारून घ्या.