चार आकड्यांचा घोर

जावई गाडीवर आला की परत जाताना त्याची टाकी फुल करून द्यायची, हा नाकाडोंगरीच्या यादोरावांचा नेम. म्हणून जेवणानंतर जावई अनुप घोरत असतानाच ते त्याची नवी मोटरसायकल पंपावर नेऊन आले. ऊन रणरणत होतं. गाडी अंगणात लावतात तोच अमेरिकेत रात्रपाळी करणाऱ्या पुतण्याचा, अश्विनचा, फोन आला. यादोरावांना फुशारकी मारायला माणूस हवाच होता.

“जावईबापूच्या गाडीत एक्क्याण्णव नंबरचं पेट्रोल टाकलं, बाप्पा. मशीनवरच लिवलं होतं.”

“एक्क्याण्णव? इथं तं मी सत्त्याऐंशीचं टाकतो, काकाजी. पण तिकडचं...” एवढ्यात नाकाडोंगरीचं नेटवर्क नेहमीप्रमाणे जंगलात निघून गेलं.

यादोरावांनी हिशेब केला. रॉकेट सोडणारा देश सत्त्याऐंशीवर थांबतो, आणि आपण भर उन्हात जावयाच्या गाडीला चार आकडे जास्त पाजले. त्यांनी टाकीला हात लावला, तर चटका बसला. चार वाजता त्यांची एकुलती पोरगी खुशबू याच गाडीवर मागे बसून नागपूरला निघणार होती.

त्यांनी गाडी ढकलत आंब्याखाली नेली. शेजारचा टिकाराम विडी ओढत बघायला आला.

“टिकाराम, थे विडी फेक आंदी. जवळ नोको येऊ.”

“काहून? गाडी चावते का?”

“ताकद जास्त झाली तिच्यात.”

टिकारामनं विडी विझवली आणि घरी जाऊन आपली बकरी पलीकडच्या परसात नेऊन बांधली. ते पाहून तर यादोरावांचा उरलासुरला धीरही सुटला.

दुपारी त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, मटणाचा रस्सा चाखून, जावयाच्या तोंडाची आग होईल या धास्तीनं, त्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं. जावई मुकाट्यानं जेवला होता. जास्त झालेलं कमी करायची दुसरी रीत त्या घराला ठाऊकच नव्हती. यादोरावांनी माठातून तोच तांब्या भरला आणि टाकीत रिकामा केला.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

“काकाजी, मघाशी कटला. पेट्रोल जवळपास एकच आहे. तिकडं एका रीतीनं मोजतात, इथं दोन रीतीनं मोजून मधला आकडा लिवतात. तुमचं एक्क्याण्णव म्हंजे आमचं सत्त्याऐंशी. आपली पायली अन् बपेऱ्यापलीकडची, एमपीतली पायली सारखी रायते का? धान तं थेच.”

“बरं,” यादोराव म्हणाले आणि त्यांनी टाकीचं झाकण घट्ट लावलं.

चार वाजता अनुपनं गाडी सुरू केली. ती दोनदा खोकली आणि गप्प झाली. त्यानं नळी काढून थोडं पेट्रोल बाटलीत घेतलं. तळाशी पाणी दिसलं.

“पंपवाल्यानं पानी मारलं, मामाजी,” अनुपचा चेहरा लाल झाला. “चला. मी त्याले सोडत नाही. तुमी माहे गवाह.”

गेलं तर बिचाऱ्या पंपवाल्यावर खोटी साक्ष, न गेलं तर जावयापुढे अब्रूचं खोबरं. अनुप बाटली घेऊन फाटकापर्यंत पोचलासुद्धा.

“जावईबापू, थांबा,” यादोराव कसेबसे म्हणाले. “पानी म्याच टाकलं. पेट्रोल लय कडक हाय म्हनून आयकलं. माही पोरगी मांगं बसनार होती. मले भेव लागलं.”

खुशबूनं ओढणी तोंडाला लावली. ती हसतेय की रडतेय, ते कळेना. अनुप फाटकातून परत येऊन खाटेवर बसला आणि बूट काढले.

“मामीजी,” तो हळूच म्हणाला, “आता मुक्कामच आहे तं एक विचारू? दुपारचा रस्सा बी कडक झाला होता का?”

तुळसाबाईंनी आंब्याखालचा तांब्या उचलला आणि पदराआड धरून आत निघून गेल्या.