तारेचा पाटकरी

गेनू पाटकरी इंटरनेटला पाणी म्हणतो. चेष्टेनं नाही, अगदी मनापासून. वस्तीवर तार होती तेव्हा रोज संध्याकाळी तो आमच्या अंगणात यायचा, मान वर करून पत्र्यावरच्या तारेकडं बघायचा आणि विचारायचा, "सोपाना, पाणी आलं का?"

नवा पाहुणा बसलेला असला तर तो रांजणाकडं बघायचा. आमची मंडळी मात्र आतून मोबाईल बघून सांगायची, "आलंय तात्या, पण बारीक हाय."

"बारीक कसं? वरच्या अंगाला कुणीतरी दार उघडं टाकलंय." असं म्हणून गेनू काठी उचलायचा आणि वरच्या घरांकडं चालू लागायचा.

त्याचं असं आहे, गेनूची सगळी नोकरी कालव्यावर गेली. चारीचं पाणी पाळीपाळीनं एकेकाच्या रानाला सोडायचं, कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं ते बघायचं, हे पाटकऱ्याचं काम. सणसरच्या खालच्या अंगाला भले भले बागायतदार त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिलेले मी बघितलेत. मी राहिलो नाही, ती गोष्ट वेगळी. नोकरी संपली तेव्हा सायबानं त्याच्याकडनं दारांच्या किल्ल्या मागून घेतल्या. डोक्यातली चारी कशी मागणार?

वयानं तो माझ्याएवढा, म्हणून मी अरेतुरे करतो. बाकी सगळी वस्ती त्याला तात्या म्हणते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. नोकरी सुटल्यावर वर्षभर तो बांधावर नुसता बसून असायचा. कुणी जेवायला बोलावलं तरी जायचा नाही. काम असल्याशिवाय कुणाच्या घरी जाणं म्हणजे त्याच्या हिशेबी मागायला जाणं.

मग वस्तीवर केबलवाला सलीम आला. बाजारातनं तार ओढत आणली. रस्त्याच्या खांबावरनं, लिंबावरनं, मग एकेका घराच्या पत्र्यावरनं ती खाली ओढ्याकाठी शेवंताअक्काच्या घरात जाऊन संपली. गेनू दिवसभर सलीमच्या मागं हिंडला. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही चारी हाय. बाजार हेड, म्हंजी तोंड. अक्का टेल, म्हंजी शेवट."

सलीम हसला. पण आठवडाभरानं तोच गप झाला. कारण संध्याकाळी वरच्या घरातली पोरं मॅच लावून बसली की खाली अक्काकडं सगळं अडायचं. अक्काचा लेक लांब विदर्भात शाळेवर मास्तर. त्याचं तोंड निम्मं दिसायचं आणि बोलणं पुढच्या वाक्याला ऐकू यायचं. अक्का बिचारी निम्म्या तोंडाशीच बोलत बसायची.

गेनू सरळ वरच्या घरी गेला. "पाडा दार."

"तात्या, शेवटची ओव्हर हाय!"

"मॅच उद्या बी हाय. अक्काचा लेक आठवड्यातनं दोनदा बोलतो. आधी टेल, मग हेड. कायदा हाय."

आणि खरंच पोरांनी बंद केलं. त्यांच्या बापांनी गेनूच्या हातनं पाणी घेतलेलं, त्यांना माहीत होतं की हा माणूस दारातनं हलायचा नाही. त्या दिवसापासनं पाळी सुरू झाली. अक्काच्या लेकाच्या वेळेला वरच्यांनी थांबायचं, वरच्यांच्या मॅचला बाकीच्यांनी थांबायचं. सलीमला कुणी तक्रार केली तर तो म्हणायचा, "मला काय विचारता? पाटकऱ्याला विचारा."

कारखाना सुरू झाला की गेनूचं काम वाढायचं. उसाच्या ट्रॉल्या एवढ्या उंच भरतात की वळणावर तार त्यात अडकायची. गेनूनं बेचकं असलेला एक लांब बांबू तोडून आणला. ट्रॅक्टरचा आवाज आला की वळणावर हजर. ड्रायव्हर लांबनंच ओरडायचा, "तात्या, उचला!" गेनू बेचक्यात तार धरून वर उचलायचा, खालनं ऊस जायचा, आणि मग तो ड्रायव्हरला दोन शिव्या देऊन तार खाली सोडायचा. ड्रायव्हरांना त्याचं काही वाटत नसे. एक तर म्हणायचा, शिव्या ऐकल्या नाहीत तर तार तुटली की काय अशी शंका येते.

पण त्याचा खरा जीव संध्याकाळच्या फेरीत. ज्या घरात फोन चालू असेल तिथं दारात उभा राहायचा आणि वाकून बघायचा. "कान दिसत्यात का बघू. कान स्वच्छ दिसले म्हंजी पाणी पुरं." पलीकडचा माणूस मग दोन्ही कान दाखवायचा. अक्काचा लेक तिकडनं म्हणायचा, "जयभीम तात्या, कान आले का?" कुणाचा जावई, कुणाची पुण्याला दिलेली लेक, सगळी त्याला ओळखायची. आमची नात मुक्ता हैदराबादला असते, माझ्या थोरल्या पोराची. दुसरीत आहे. ती तर कान दाखवून झाले की दात दाखवायची, मग चित्रकलेची वही, मग मांजर.

आमची मंडळी म्हणायची, "तात्या, बसा की."

"कामावर हाय. बसत न्हाय." असं म्हणून हा काठीवर हनुवटी टेकून अर्धा तास उभा. चहा उभ्यानं प्यायचा.

असं सगळं नीट चाललेलं असताना कारखान्याच्या रस्त्याला नवा टॉवर उभा राहिला आणि हवेतलं नेट आलं. तार नाही, काही नाही. पत्र्यावर एक पांढरा डबा, घरात एक डबा, झालं. पहिल्यांदा वरच्या घरानं घेतलं. बसवायला कंपनीचा तरणा गडी आला, गळ्यात पट्टा घालून. गेनू शिडीखाली जाऊन उभा राहिला.

"ह्याचं टेल कुठं?"

"ह्याला टेल नसतंय आजोबा. सगळ्यांना सारखं."

"सगळ्यांना सारखं? सरकारला जमलं न्हाय ते तुमाला जमलं व्हय? आन् हवेतनं येतंय तर शेजाऱ्याच्या घरात शिरणार न्हाय कशावरनं?"

"पासवर्ड असतोय की."

"म्हंजी कुलूप."

"तसंच समजा."

"कुलूप हाय म्हंजी दार हाय. दार हाय म्हंजी पाटकरी लागतो."

त्या गड्यानं शिडीवरनं आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं.

पण पाटकरी लागला नाही. दुसऱ्या घरानं डबा घेतला, तिसऱ्यानं घेतला, आणि सलीमनं गेनूला रस्त्यात थांबवून सांगितलं, "तात्या, घरं अशी जायला लागली तर मला तार गुंडाळायला लागंल. परवडत न्हाय."

गेनूच्या तोंडचं पाणी पळालं. तार गेली की फेरी गेली, आणि फेरी गेली की कुणाच्या दारात उभं राहायला त्याच्याजवळ कारण उरत नव्हतं. हे तो बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासनं तो घरोघर जाऊन तारेची बाजू मांडायला लागला. पावसात हवेतलं नेट भिजतं म्हणाला. वाऱ्यानं पिंपळीकडं वाहून जातं म्हणाला. डब्यात गांधीलमाशा पोळं करतात म्हणाला, आणि एका घरी खरंच गांधीलमाशा निघाल्या, तेव्हा दोन दिवस त्याची मान ताठ होती.

शेवटी तारेवर दोनच घरं राहिली. अक्का आणि मी. माझा धाकटा दत्ता रोज कुरकुर करायचा, "आबा, सगळ्या वस्तीनं बदललं." मी म्हणालो, "सगळी वस्ती माझ्या घरात राहत न्हाय." माझ्या घरात काय येणार आणि काय जाणार, ते मी ठरवतो. तिसरी शिकलोय, पण अजून कुणी मला घराबाहेरनं चालवलं नाही.

मग बाजाराच्या बाजूला, गेनूचा बांबू पोहोचत नाही तिथं, एका ट्रॉलीनं तार तोडली. सलीम म्हणाला, दोन घरांसाठी जोडत नाही. त्याच आठवड्यात मुक्ताचा वाढदिवस होता. केक कापताना तिनं फोन लावला असेल आणि तिला आमची तोंडं दिसली नसतील. आमची मंडळी त्या दिवशी जेवली नाही. मी गेनूकडं गेलो नाही, तो रस्त्यात भेटला तेव्हा सांगितलं.

"गेनू, उद्या डबा बसवतोय."

"बसव. नातीचं तोंड दिसाय पायजे." एवढंच म्हणाला आणि गेला.

डबा बसला. अक्काच्या लेकानंही तिकडनं पैसे भरून तिच्याकडं डबा बसवून दिला. खोटं कशाला बोलू, चित्र एकदम स्वच्छ. मुक्ताच्या मागं भिंतीवर लावलेलं कॅलेंडर वाचता येत होतं. पण संध्याकाळ झाली की अंगणात कुणी येईना. बरेच दिवस असे गेले. मी पण त्याच्याकडं गेलो नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, हा माझा स्वभाव.

"आबा, पाटकरी आजोबा कुठे गेले?" मुक्तानं एक दिवस विचारलं.

"हायत की घरी."

"मग येत का नाहीत?"

मी म्हणालो, आता त्यांना काम नाही. ती म्हणाली, "कामाचं काय त्यात?" पोर शहरातली. तिला काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीम तार गुंडाळायला आला. गेनू बांबू घेऊन त्याच्या मदतीला. वरच्या घरापासनं सुरुवात केली. गेनू बेचक्यानं तार उचलून द्यायचा, सलीम पत्र्यावरनं ओढून वेटोळं करायचा. मी पण मागं मागं गेलो, म्हटलं बघू. प्रत्येक घरापाशी एक तुकडा खाली घरात उतरलेला असायचा, तो सलीम कापून काढायचा. माझ्या पत्र्यावरनं झालं, मग गेनूचं घर आलं. सलीम वर चढला, सरळ तार ओढली आणि खाली उतरला.

मी म्हणालो, "अरे, आतला तुकडा राहिला की."

"आत कुठाय आबा?" सलीम म्हणाला. "तात्यांनी कधी घेतलंच न्हाय."

मला वाटलं मस्करी करतोय. मी भिंतीकडं बघितलं. कुठं भोक नव्हतं. एवढी वर्षं हा माणूस साऱ्या वस्तीला पाळी लावत होता, आणि तार नुसती त्याच्या डोक्यावरनं जात होती.

मी गेनूकडं बघितलं. तो बांबूचं बेचकं पुसत होता.

"पाटकऱ्यानं सोताच्या रानाला पाणी घ्यायचं नसतं, सोपाना. लोक नावं ठेवत्यात."

पण त्याला रान होतं कुठं?

त्या संध्याकाळी मी टोपी घातली आणि त्याच्या दारात गेलो. त्याच्या घरात मी किती वर्षांनी पाय ठेवला ते आठवत नाही. चुलीपाशी एक तवा, एक ताट. तो उठून उभा राहिला.

"काय रं? अडलं का?"

"अडलं न्हाय. चांगलं चाललंय."

"मग?"

"मुक्ता बोलवतीय."

"चांगलं चाललंय म्हणतोस, मग मी येऊन काय बघू?"

"बघायचं काय न्हाय. बोलायचं हाय."

त्यानं तवा उचलून भिंतीला लावला. मग म्हणाला, "बोलायचं म्हंजी काय बोलायचं?"

"ते मला काय म्हाईत? तिला इचार."

त्यानं तोंड धुतलं, सदरा बदलला आणि माझ्या मागं आला. दारात नेहमीच्या जागी थांबला. आमची मंडळी म्हणाली, "आता कामावर न्हाय तुमी तात्या, बसा." तेव्हा तो बाजेच्या कडेला टेकला. मुक्ता समोर दिसली. तिनं कान दाखवले. गेनूनं बघितले आणि "दिसत्यात" म्हणाला. मग गुडघ्यावरचे हात नुसते हलवत बसला.

तिनंच विचारलं, "तुम्ही काय जेवलात?"

गेनूनं माझ्याकडं बघितलं. ते त्याला कुणी विचारत नव्हतं.

"भाकरी."

"कोणी केली?"

"मीच."

"तुम्हाला येते? गोल होते?"

"एका अंगानं होती," गेनू म्हणाला. "दुसऱ्या अंगाला जरा पळती."

मुक्ता एवढी हसली की फोन तिच्या हातातनं पडला. छत दिसायला लागलं. गेनू छताकडं बघत बसून राहिला, हलला नाही. ती परत दिसल्यावर म्हणाली, "मला दाखवा ना. मी आईला पण दाखवते."

"आत्ता कुठनं दाखवू?"

"मग उद्या."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधीच अंगणात पावलं वाजली. मी बाहेर आलो. गेनूच्या हातात काठी नव्हती. फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं, अजून गरम असावं, कारण तो या हातातनं त्या हातात करत होता. पत्र्याकडं न बघता तो सरळ आत आला, बाजेवर बसला आणि म्हणाला, "लाव फोन."

मी लावला. त्यानं फडकं सोडलं आणि भाकरी दोन्ही हातांनी मोबाईलसमोर धरली. मुक्तानं डोळे जवळ आणून ती नीट बघितली.

"आजोबा, इथे थोडी फाटलीय."

"व्हय," गेनू म्हणाला. "उद्याची बघ."