पहिला नारळ कुणाला

दामूअण्णा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. तुम्ही त्यांच्या सोडावॉटरच्या दुकानात शिरलात की त्यांची नजर तुमच्या अंगठ्यापासून निघायची, टाचेशी घुटमळायची, घोट्यावर जरा थांबायची आणि गुडघ्यापर्यंत येऊन संपायची. त्याच्या वर काय आहे, डोकं आहे की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर अक्षता टाकताना काय म्हणाले असतील? "सदू, उजव्या पायावर जड पडतोस हो. असो, संसाराला चालेल." नवी बायको शेजारी उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आजतागायत माझ्याशी भांडताना ती उजव्या पायाचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाही.

हे पायांचं वेड कशापायी, ते सांगतो. त्या काळात आमच्या रत्नागिरीत आट्यापाट्यांनी लोकांना नुसतं झपाटलेलं होतं. क्रिकेट होतं, नाही असं नाही. पण ते कचेरीतल्या साहेबलोकांचं. आमचा जीव आट्यापाट्यांवर. मैदानावर आडव्या पाट्या आखायच्या, एका बाजूच्या गड्यांनी त्या पाट्यांवर उभं राहून वाट अडवायची, आणि दुसऱ्या बाजूच्यांनी त्यांना हुलकावण्या देत पार जाऊन परत यायचं. सांगायला सोपं आहे. खेळायला गेलं की भल्याभल्यांची पहिल्याच पाटीवर गाळण उडते.

गावात संघ दोन. एक आमचा वरच्या आळीचा, दुसरा बंदराचा. मी वरच्या आळीचा चिटणीस होतो, तेव्हा माझ्याकडून बंदरवाल्यांबद्दल चांगलं ऐकायला मिळेल अशी आशा कुणी धरू नये. दोन्ही संघांची भिस्त हायस्कूलच्या मोठ्या पोरांवर. पूर्वी या पोरांची अक्षरशः पळवापळवी चालायची. एका पोराला आम्ही पेटीभर आंबे खाऊ घातले. तर बंदरवाल्यांनी त्याला मचव्यात घालून जयगडपर्यंत फिरवून आणलं. ते शहाणं पोर दोघांचंही खाऊनपिऊन ऐन सामन्याच्या दिवशी मालगुंडला मामाकडे निघून गेलं! मग हेडमास्तरांनी दोघांना बसवून कायदा केला. वार्षिक परीक्षा संपली की पोरांनी मैदानावर ओळीनं उभं राहायचं, आणि दोन्ही संघांच्या प्रमुखांनी आळीपाळीनं एकेकाच्या हातात नारळ द्यायचा. ज्याचा नारळ, त्याचा गडी. पहिला मान एका वर्षी आमचा, पुढच्या वर्षी त्यांचा. दिलेला नारळ परत घ्यायचा नाही. नारळ संपले की उरलेल्यांनी रिकाम्या हातांनी घरी जायचं.

आणि कुणाचा नारळ कुणाला जाणार, हे दामूअण्णा आदल्या दिवशी सांगून मोकळे व्हायचे. नुसती नावं नव्हेत, क्रमासकट! आणि तसंच व्हायचं. आम्ही संघात बसून भांडभांड भांडून, कानाशी तोंड लावून ठरवलेलं गुपित हा माणूस बाटली धुता धुता बाजाराला सांगून टाकायचा. "तुम्ही कितीही कुजबुजलात तरी तिसरा नारळ त्या लांब टांगांच्या पोरालाच," असलं काहीतरी.

त्यासाठी त्यांचे उद्योग वर्षभर चालायचे. शाळा सुटायच्या वेळी दुकान तसंच टाकून घाटीच्या कडेला दगड रचलेल्या गडग्यावर जाऊन बसायचे. म्हणायचे, "चढताना सगळेच शूर. उतरताना पाय खरा कळतो." कधी पोरं गप्पा मारत येत असली की हे गडग्यावरून एकदम ओरडायचे, "साप!" का, तर कोण कुठल्या बाजूला उडी मारतो ते बघायला. एकदा पोरांच्या मागून नवे मामलेदार येत होते, ते काही यांना दिसले नाहीत. पोरं उजवीकडे उडाली आणि मामलेदार डावीकडे गटारात. आम्ही धावलो, त्यांना बाहेर काढलं, टोपी शोधली. दामूअण्णा जागचे न हलता म्हणाले, "उडी झकास हो! वय गेलं, नायतर बंदरवाल्यांनी घेतले असते."

पण त्यांची खरी विद्या निराळीच होती. एकदा मी त्यांना विचारलं, "अण्णा, पोरगा चांगला की वाईट हे पायावरून कळेल. पण त्याला कोण घेणार हे कसं कळतं?" ते म्हणाले, "अरे, पोर बघणं सोपं. निवडणारा बघावा लागतो. बंदराचे इब्राहिमभाई दमाचं पोर घेणार. मचवा हाकणारा माणूस, त्याला घाई नसते. आणि तुमचे गणूभाऊ? त्यांना पोराशी देणंघेणं नाही. बंदराला काय हवंय ते आधी उचलायचं, एवढंच त्यांना समजतं."

गणूभाऊ म्हणजे आमचे प्रमुख. मोठे वकील, पण हे त्यांच्याबद्दल अगदी खरं होतं. उघडपणे ते दामूअण्णांना "तो सोडावाला ज्योतिषी" म्हणायचे, आणि आदल्या दिवशी मला हळूच त्याच ज्योतिषाकडे पिटाळायचे.

दामूअण्णांचा मुलगा वासू. आता त्याचं सांगायलाच हवं, आणि मला ते सांगताना वाईट वाटतं. दामूअण्णांची बायको वासू लहान असतानाच गेली. घरात माणसं दोनच. पोरगा गुणी, अभ्यासात बरा, दुकानात मदत करणारा. पण पाय त्यानं आईचे घेतले होते. सपाट, शांत, देवळाच्या पायऱ्या चढायला उत्तम. आणि बापाचं वेड मात्र त्यानं पुरेपूर घेतलेलं! आट्यापाट्या म्हटल्या की जेवणाचं भान राहायचं नाही त्याला. पहाटे उठून समुद्राकाठच्या पुळणीवर धावायचा.

मॅट्रिकच्या आधीच्या वर्षी तो पहिल्यांदा ओळीत उभा राहणार होता. आदल्या दिवशी दुकानात ही गर्दी. कुणीतरी खवचटपणे विचारलं, "आणि वासूचं काय, अण्णा?" वासू तिथेच बाटल्या पुसत होता. दुसरा कुठला बाप असता तर हसून वेळ मारून नेली असती. पण दामूअण्णा पडले पायांचे सत्यवादी. फटकन बोलून गेले, "आमचा वासू उभा राहील, आणि उभाच राहील."

दुकान हसलं. मीही हसलो, न हसायला काय झालं? दुसऱ्या दिवशी तसंच घडलं. एकेक पोर नारळ घेऊन नाचत गेलं आणि शेवटी उन्हात वासू आणि आणखी दोघंतिघं उरले. ती बाकीची पोरं खिदळत पळाली. वासू मात्र बराच वेळ तसाच उभा होता. हात पुढे धरलेले. ते हात खाली घ्यायचे हेही त्याला सुचलं नाही.

त्या दिवसापासून पोरगा बापाशी बोलेनासा झाला. भांडण नाही, आदळआपट नाही. दुकानातलं काम चोख. पण तोंडातून शब्द नाही. दामूअण्णांनी सगळे उपाय केले. शेवटी मांजरामार्फत बोलू लागले. मी एकदा जेवणाच्या वेळेला गेलो होतो, तर म्हणत होते, "मने, विचार त्याला, आमटी वाढू का? मने, सांग त्याला, आज बांगडा मुद्दाम आणलाय." मांजर बांगड्याकडे बघत होतं, आणि वासू पानाकडे. मला हसू आलं होतं, पण अण्णांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. मला म्हणाले, "सदू, घर खायला उठतं रे. नुसती भांडी वाजतात."

बघता बघता वर्ष गेलं. वासूचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष. या खेपेला नारळ नाही मिळाला तर पुन्हा ओळीत उभं राहणं नाही. जूनमध्ये मुंबईला काकांकडे जायचं, कुठेतरी नोकरीला चिकटायचं, असं ठरलेलं. निवडीला उभा राहणार हे मात्र त्यानं मास्तरांना सांगून टाकलं होतं.

त्या वर्षी पहिला मान वरच्या आळीचा होता. आदल्या दिवशी गणूभाऊंनी मला नेहमीप्रमाणे पिटाळलं. दुकान खच्चून भरलेलं. वासू कोपऱ्यात पाठ करून फुटक्या बाटल्यांतल्या गोट्या काढून ठेवत होता. मी सोडा मागितला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय अण्णा, बंदराचा डोळा कुणावर आहे?"

दामूअण्णांनी बाटली फोडून माझ्या हातात दिली. हात पुसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वासूवर. तुम्ही सोडलात तर इब्राहिमभाईंचा पहिला नारळ आमच्या वासूला. वर्षभरात पोराचा पाय सुटलाय. पहाटे पुळणीवर बघतात ते त्याला."

 वासूच्या हातातली गोटी खाली पडली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. ती उचलायलासुद्धा तो वळला नाही.

मी सोडा अर्धा टाकून गणूभाऊंकडे धावलो. ते ओरडलेच, "वासू? दामूचा वासू? अहो, ते पोर उभ्या उभ्या डुलक्या काढतं!"

"पण अण्णा म्हणाले, भाऊ. भर दुकानात म्हणाले."

गणूभाऊ येरझारा घालू लागले. कोर्टात पेचात सापडले की असेच घालायचे. मग थांबून म्हणाले, "सदू, विचार कर. गेल्या वर्षी ज्यानं पोटच्या पोराला चारचौघांत 'उभाच राहील' म्हणून सांगितलंन, तो माणूस या वर्षी त्याच पोरासाठी खोटं कशाला बोलेल? काहीतरी बघितलंय त्यानं. इब्राहिम मोठा पाताळयंत्री आहे!" मला ते तंतोतंत पटलं. चिटणिसाला प्रमुखाचं सगळंच पटतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरांची ओळ लागली. वासू शेवटून दुसरा. मान खाली. पहिल्या जागेवर गोडबोल्यांचा शंकर उभा होता, हरणासारखा पोरगा, साऱ्या गावाला ठाऊक असलेला. गणूभाऊ नारळ घेऊन निघाले, शंकरनं हात पुढे केले, आणि आमचे गणूभाऊ त्याला ओलांडून, सगळी ओळ चालत जाऊन वासूसमोर उभे राहिले. नारळ त्याच्या हातात ठेवला.

 इब्राहिमभाईंना हा काय प्रकार ते मुळीच कळेना. ते आधी गणूभाऊंकडे बघत राहिले, मग आभाळाकडे, आणि मग माणूस धावत सुटला तो थेट शंकरपाशी! इतकी वर्षं त्यांना घाई करताना कुणी बघितलं नव्हतं. शंकरच्या हातात नारळ कोंबून म्हणाले, "गणूभाऊ, खुदा तुमचं भलं करो! त्या पोराला तुम्ही बोटीचं भाडं देऊन पाठवला असतात तरी मी घेतला नसता."

त्या मोसमात आम्ही सपाटून हरलो, हे वेगळं सांगायला नकोच. शंकर आमच्या पाट्या अशा भेदून जायचा की बघवत नसे. आणि वासू पाटीवर अगदी मन लावून उभा राहायचा, गडी निघून गेला की मग अडवायला जायचा. पण ते पुढचं. त्या घटकेला सगळं मैदान एकच ओरडत होतं, "दामूअण्णा चुकले! सपशेल चुकले!" आजवर ज्यांची गुपितं फुटली होती त्या सगळ्यांना उकळ्या फुटत होत्या. कुणी त्यांना चष्मा घ्यायला सांगितलं, कुणी काशीला जायला.

माझं डोकं मात्र तापलेलं. तडक दुकानात गेलो. दामूअण्णा एकटेच होते, स्टुलावर बसून रिकाम्या बाटलीशी चाळा करत.

"अण्णा," मी म्हटलं, "इब्राहिमभाईंच्या मनात वासू कधी होता?"

"कधीच नव्हता."

"म्हणजे तुम्ही फसवलंत आम्हाला? आमचा शंकर गेला! गणूभाऊ मला उभा जाळतील!"

"जाळतील खरे," ते म्हणाले. "पण तू मला सांग, बंदराचं नाव घेतल्यावर गणूभाऊ आणखी कुणाला नारळ देणार होते?" हातातली बाटली बाजूला ठेवली. "हसू देत लोक. माझं काय आता, सोडा विकायला भविष्य लागत नाही. पण त्या पोराला कळू देऊ नकोस, सदू. तुझ्या पाया पडतो." आणि खरंच वाकले हो! मी दोन पावलं मागे सरलो. एवढा राग घेऊन आलेला मी. पण रागावायचं कसं तेच मला सुचेना.

तेवढ्यात वासू आला. नारळ छातीशी धरलेला. मला बघून दारात अडखळला. मग बापासमोर येऊन उभा राहिला आणि वर्षभरात पहिल्यांदा बोलला.

"अण्णा, तुमचं चुकलं. बंदरानं नाही, वरच्या आळीनं घेतलं मला."

"चुकलं रे," दामूअण्णा म्हणाले.  "वय झालं माझं."

वासू जाईना. नारळाची शेंडी उपटत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण काल तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात... पाय सुटलाय म्हणून. ते खरं?"

 हा माणूस लग्नातल्या नवऱ्यालासुद्धा सोडत नव्हता. पायांच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नव्हती, मामलेदारांची नाही, गणूभाऊंची नाही, स्वतःच्या पोराचीही नाही.

"खरं," दामूअण्णा म्हणाले. "अगदी देवाशपथ खरं."

पोराचं तोंड असं फुललं की मला बघवेना. मी उगाच बाटल्यांकडे बघत बसलो. वासूनं पायरीवर आपटून नारळ फोडला, पाणी पेल्यात धरलं आणि बापापुढे केलं. मग तिथेच फतकल मारून सांगायला लागला, की गणूभाऊ शंकरला ओलांडून कसे आले, त्याला आधी खरंच कसं वाटेना, नारळ हातात केवढा जड लागला. वर्षाचं साठलेलं, थांबेचना. दामूअण्णा मध्ये मध्ये "मग? मग?" करत होते, जसं काही त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी निघालो, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.